बिनचार्जरचा लॅपटॉप

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. पण ठाण्याच्या बाकावर बसलेली ती मुलगी आणि तिचे वडील अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. मुलीच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेला एक जुना लॅपटॉप होता. आजारी लेकराला दवाखान्यात आणावं तसा तिने तो दोन्ही हातांनी धरला होता.

हल्ली माझा पुतण्या मोबाइलवर जुन्या लॅपटॉपच्या जाहिराती बघत बसतो. ‘काका, अगदी स्वस्तात मिळून राहिला,’ असं तो म्हणाला की माझ्या कपाळाला आठी पडते. हा ‘स्वस्तात’ शब्द मी नोकरीभर फिर्यादींमध्ये वाचत आलो. त्याला चार गोष्टी तोंडी सांगून पाहिल्या, त्याने ऐकल्या नाहीत. निदान छापून आलेलं तरी वाचेल म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही, त्या माणसांना शांतपणे जगू द्यावं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्यात संगणक आला होता, पण धूळ बसू नये म्हणून तो बहुतेक वेळ झाकलेलाच असे. जुन्या वस्तू इंटरनेटवर जाहिरात देऊन विकण्याची पद्धत आमच्याकडे नुकती येऊ लागली होती. चोरी मात्र आमच्याही पुढे गेली होती.

एका सकाळी हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात बसस्थानकाजवळच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातून फोन आला. दुकानदार मुसलमान गृहस्थ, वडिलांच्या काळात तिथंच घड्याळं दुरुस्त व्हायची. सरळ माणूस. संशयास्पद माल आला तर कळवा, असं आम्ही सगळ्याच दुकानांना सांगून ठेवलं होतं. कळवणारा हा एकटाच.

“साहेब, एक पोरगी लॅपटॉप घेऊन आली. चार्जर पायजे म्हणते,” तो हळू आवाजात म्हणाला. “खालचा नंबर कुणीतरी खरवडला हाय. माझ्या चार्जरवर चालू करून पाहिलं तर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. पण साहेब, पोरगी चांगल्या घरची दिसते. बाप संग हाय. जरा इज्जतीनं विचारा.”

मी जमादाराला साध्या वेषात पाठवलं. दोघंही निमूटपणे चालत ठाण्यात आले. नांदेडहून आलेला बिनतारी संदेश काढून पाहिला. तिथल्या एका वसतिगृहातून एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप चोरीला गेला होता. वर्णनात लिहिलं होतं, झाकणाचा डावा कोपरा तडकलेला, चार्जर खोलीतच भिंतीला लावलेला राहिला. मी ओढणी बाजूला करायला सांगितली. डावा कोपरा तडकलेलाच होता.

मुलीचं नाव-गाव विचारलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. टेबलावरच्या कागदांत पाहिलं तर तिचीच चारित्र्य पडताळणी आमच्याकडे प्रलंबित होती. तलाठी म्हणून तिची निवड झाली होती. ‘सदर उमेदवारावर कोणताही गुन्हा दाखल नाही’ एवढं आम्ही लिहून दिलं की नेमणूक, आणि गुन्हा दाखल झाला की सगळं मुसळ केरात. तिच्या घराण्यात सरकारी नोकरीच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेली ती पहिलीच. वडील कनेरगाव नाक्याच्या बाजूला थोडीशी शेती करायचे. शिवाय बैलाची पारख चांगली म्हणून लोक त्यांना बाजाराला सोबत न्यायचे. आत येताना त्यांनी “जय भीम, साहेब” म्हटलं, ते इतक्या हळू की त्यांनाच ऐकू गेलं असेल.

दुपारी नांदेडचे फौजदार जीप घेऊन हजर झाले. कामाला वाघ, पण घाईचे.

“माल हिच्याकडं मिळाला. पावती नाही, नंबर खरवडलेला, ढाब्यावर घेतलेला, निम्म्या भावात,” ते म्हणाले. “आणि सर, चार्जरसुद्धा नाही! शेंबडं पोरही विचारेल, चार्जर कुठंय म्हणून. यांनी विचारलं नाही, कारण यांना माहीत होतं. हिला आरोपी करतो.”

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चोरीचा माल जवळ बाळगणं एवढ्यानं गुन्हा होत नाही. तो चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे, किंवा माहीत व्हायला सबळ कारण तरी असलं पाहिजे. इथं कारणांची रास पडली होती. मी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. ते नाखुशीनं थांबले.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली. खोटं बोलणारी माणसं एकत्र बसून खोटं ठरवतात, पण बारीकसारीक गोष्टी ठरवायला विसरतात. मुलीजवळ महिला शिपाई बसवली.

“तलाठ्याला आता कॉम्प्युटर लागणार म्हणून राहिले सगळे, सर,” मुलगी म्हणाली. “मला नुसती टायपिंग येते. नेट कॅफेत जाहिरात पाहिली, फोन लावला. तो म्हणाला मी वाशीमचा, बहिणीच्या लग्नासाठी विकून राहिलो. मधे पडतं म्हणून नाक्यावरच्या ढाब्यावर बोलावलं.”

“चालू करून पाहिलास?”

“पाहिला. त्यानं चालू करूनच आणला होता. नाव दुसरं दिसलं तर म्हणाला, माझ्या दोस्ताचं हाय, त्यानंच भरून देल्लं.”

“आणि चार्जर?”

ती गोंधळली. “बाबा बोलत होते त्याच्यासंगं. मला वाटलं, त्यांचं काही ठरलं असंल.” मग तिनंच विचारलं. “सर, माझी ऑर्डर जाईल काय?”

मी महिला शिपायाला तिला पाणी द्यायला सांगितलं. अशा वेळी पोलिसाने खोटा धीर देऊ नये आणि भीतीही घालू नये, असं माझं मत आहे. पण मनातून मी हललो होतो.

वडिलांना चहा दिला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

“बाबा, एक सांगा. चार्जर नाही असं पाहून तुम्ही विचारलं नाही?”

“काहून विचारू, साहेब?” ते खरोखरच नवल वाटून म्हणाले. “बैल इकल्यावर त्याच्या गळ्यातलं दावं कोणी देतंय काय? बैल द्यायाचा, दावं आपल्या घरी न्यायाचं. दावं देल्लं तर गोठ्याची बरकत जाती. घेणारानं आपलं दावं आणावं. मला वाटलं, याचीबी तीच रीत असंल. म्हणून तर दुकानात घ्यायाला आलो ना.”

दारात उभ्या असलेल्या जमादारानं मान हलवली. तो शेतकऱ्याचाच मुलगा. “बराबर हाय, साहेब. आमी बी देत न्हाई.”

मला हसू आलं. आयुष्यभर बाजारात कुणाकडून न फसलेला माणूस आपल्याच रीतीमुळे फसला होता. बैलाचे दात पाहणारा, त्याला चालवून पाहणारा हा माणूस त्या काळ्या पेटीपुढं आंधळा झाला आणि हाताशी होती ती एकच ओळखीची रीत धरून बसला. माझी खात्री पटली. पण माझ्या खात्रीला फौजदारांच्या कागदात जागा नव्हती. “गोष्ट छान आहे, सर,” ते म्हणाले. त्यात थोडी टिंगल होती.

म्हणजे विकणाऱ्याला धरल्याशिवाय मुलीची सुटका नव्हती. त्याचा मोबाइल बंद होता. सिमकार्ड एका म्हाताऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेलं निघालं, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. वाशीममधला सांगितलेला पत्ता खोटा. ढाब्यावाल्याला एवढंच आठवलं की पोरगं गोरंगोमटं होतं आणि मिसळीत तिखट जास्त झालं म्हणून कुरकुरत होतं. असे तर मराठवाड्यात हजारो.

मी पुन्हा वडिलांकडं आलो. “ढाब्यावर त्याच्याशी काय काय बोललात ते सगळं सांगा. फालतू वाटेल तेही.”

“काय बोलणार, साहेब. च्या पेलो. पाहुणे कोण म्हणून विचारलं.”

“मग?”

“त्यानं गाव वाशीम सांगितलं, मी म्हणलं ठीक. मग म्हणलं, मामाचं गाव कोणतं बाबा? तर म्हणला, हट्टा. मी म्हणलं, हट्ट्याला आमच्या साडूची जमीन हाय. तर लगेच घड्याळ पाहाया लागला.”

इथं मी फौजदारांकडं पाहिलं. त्यांनी पेन उचललं होतं.

माणूस खोटं बोलायला निघतो तेव्हा नाव, गाव, धंदा यांची तयारी करतो. मामाच्या गावाची तयारी कुणीच करत नाही. तिथं लहानपणीच्या सुट्ट्या गेलेल्या असतात, ते नाव जिभेवर आपोआप येतं. आणि आमच्या भागात दोन अनोळखी माणसं चहाला बसली की पाहुण्यांची चौकशी झाल्याशिवाय कप रिकामा होत नाही. शहरातला फौजदार ही चौकशी फालतू म्हणून गाळतो. मी हाताखालच्या पोरांना कायम सांगायचो, जबाबात फालतू काही नसतं.

हट्ट्याच्या पोलीस पाटलांना फोन लावला. नांदेडला शिकणारा, गोरा, गावात आजोळ असलेला कुणी भाचा आहे का, असं विचारलं. पोलीस पाटलाला गावातल्या सगळ्या भाच्यांची नावं ठाऊक असतात, जावयांची त्याहून जास्त. त्यांनी थोडा विचार करून एक घर सांगितलं. नांदेडला विचारून घेतलं तर पोरगा त्याच वसतिगृहात राहत होता, चोरी झालेल्या खोलीपासून जवळच. आणि सध्या मामाकडे आला होता, अभ्यासाला.

नांदेडच्या पथकानं त्याला दुसऱ्या दिवशी आणलं. मामाही आले होते, मान खाली घालून. पोरावर हात उगारायची वेळ आली नाही. माझ्या टेबलापलीकडं बापलेकींना बसवलं आणि त्याला आत आणलं. मुलीच्या वडिलांना पाहताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पण मला त्याच्या तोंडून एकच गोष्ट हवी होती. म्हणून बापलेकींना बाहेर पाठवलं, आणि चार्जरबद्दल आधी कुणीही त्याच्याजवळ चकार शब्द काढू नये, अशी ताकीद फौजदारांना देऊन ठेवली होती.

“विकताना तुला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली ना, सर. चार्जर नव्हता माझ्याजवळ. विचारलं तर जळाला म्हणून सांगायचं, असं पाठ करून गेलो होतो.” तो थांबला. “पण त्या बाबांनी विचारलंच नाही. मलाच कसंतरी झालं. मामाचं गाव मात्र विचारलं.”

फौजदारांनी लिहिणं थांबवलं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण आरोपी कोण आणि साक्षीदार कोण, हे ठरवायला ती पुरेशी होती. बाहेर बसलेल्या वडिलांनी आणि आतल्या पोरानं एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट सांगितली होती. फौजदार उठले, बाहेर गेले आणि वडिलांना म्हणाले, “बाबा, तुमची मुलगी साक्षीदार.” नंतर ते बराच वेळ पाणी पीत उभे राहिले. माणूस चांगला होता, फक्त मी आधी म्हटलं तसा घाईचा.

लॅपटॉप जप्त झाला आणि पुढं न्यायालयातून मूळ मालकाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सही घेऊन ताब्यात, मिळाला. मुलीच्या हाती काहीच उरलं नाही. शिकवण्या घेऊन साठवलेला पैसा गेला. चोरीचा माल फसून घेतला तरी माल मूळ मालकाचाच, हे पुतण्याने आणि वाचकांनीही नीट ध्यानात घ्यावं. तिची चारित्र्य पडताळणी मी पोरगा सापडला त्याच दिवशी सही करून पाठवली. ती रडली, वडील नाही रडले. आदल्या दिवशी कपाला हातही न लावणाऱ्या त्या माणसानं आज स्वतःहून चहा मागून घेतला आणि प्यायला.

आता पुतण्यासाठी. जुना लॅपटॉप घ्यायचाच तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन घे. मधल्या रस्त्यावर, ढाब्यावर, बसस्थानकावर भेटू म्हणणाऱ्याला रामराम कर. खालचा नंबर पाहा आणि पावतीवरच्या नंबराशी जुळव. पावती हरवली म्हणाला तर निदान ओळखपत्राची नक्कल आणि सही घे. चालू केल्यावर कुणाचं नाव येतं ते पाहा, आणि त्या नावाचा माणूस समोर उभा आहे का तेही पाहा. फार स्वस्त असेल तर का स्वस्त, हे विचारायला लाजू नकोस. आणि नातीगोती विचार, त्यात मागासलेपण काही नाही. वस्तू नवीन असली तरी विकणारा माणूस जुन्याच मातीचा असतो.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी बंदोबस्तासाठी सेनगावच्या बाजारात उभा होतो. गर्दीतून कुणीतरी “जय भीम, साहेब” म्हणालं, या वेळी खणखणीत. तेच वडील. मुलगी तलाठी म्हणून रुजू झाली होती आणि धाकट्या भावासाठी तिनं पुन्हा जुनाच लॅपटॉप घेतला होता.

“पुन्हा जुना?” मी दचकून विचारलं.

“व्हय साहेब, पण त्याच्या घरी जाऊन घेतला. पावती पाहिली. त्याच्या मायच्या हातचा च्या पेलो. तिचं माहेर विचारलं.” ते जवळ सरकले. “आन् दावं हातात घेतल्याबिगर उठलोच न्हाई.”

त्यांच्या दुसऱ्या हातात नुकत्याच विकलेल्या बैलाचं दावं होतं. ते त्यांनी नीट गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि घरच्या वाटेला लागले.