ओनो-सानच्या गाडीचा कच्चा रंग

क्योतोत आज सायकलच्या दुकानाबाहेर ताज्या रंगाचा वास आला आणि मी पुन्हा दहा वर्षांची होऊन सेंदाईतल्या ओनो-सानच्या गॅरेजमध्ये उभी राहिले.

शेजारच्या ओनो-साननी दणकट इंजिनाची एक जुनी अमेरिकन गाडी भंगारातून आणली होती. बाबा रविवारी त्यांच्या मदतीला जात. कितीतरी रविवारांनंतर ती लालभडक होऊन उभी राहिली. हातमोजे घातल्याशिवाय ओनो-सान स्वतःही तिला हात लावत नसत.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघणार, त्या सकाळी आई पूजेचं ताट घेऊन आली. बोटावर ओलं कुंकू घेऊन ती थेट बॉनेटकडे वळली.

"अगं, थांब! रंग अजून कच्चा आहे," बाबा कुजबुजले.

आईचं बोट हवेतच राहिलं. "नव्या गाडीला लावतातच ना?" ती माझ्याकडे वळली. "तू सांग गं त्यांना."

नीट जपानी बोलणारी आमच्यात मी एकटीच. 'लावू द्या' म्हणावं तर रंग खराब होणार. 'नको' म्हणावं तर सगळ्यांदेखत आईला हात मागे घ्यावा लागणार.

ओनो-साननी टोपी काढली आणि आईसमोर वाकून आपलं कपाळ पुढे केलं.

मला बोलावं लागलं नाही, याचंच तेव्हा हायसं वाटलं. आता जाणवतं, इतका वेळ त्यांची नजर आईच्या चेहऱ्यावर होती.

आईने कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. तशाच कपाळाने ते गाडीत बसले आणि सगळ्या गल्लीतून सावकाश फिरून आले.