मैनेची कानटोपी

चहा घ्या आधी. गार झाला तर मला बोल लावू नका, कारण हा किस्सा सांगायला लागले की माझाच पारा चढतो आणि समोरच्याचा चहा राहून जातो. मूर्खपणा माझाच, अगदी शंभर नंबरी. पण राग येतो तो येतोच!

धाकट्या बहिणीचं लग्न होतं, माहेरी, आमच्या उंद्रीला. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ह्यांची कचेरीत नोकरी, म्हणून आम्ही बुलढाण्याला राहायचो. तिथली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. शेजारणीनं मला लोकरीचं विणकाम शिकवलं आणि मी अशी काही सुटले की घरात टोपीवाचून एक डोकं उरलं नाही. मांजरालासुद्धा एक विणली. ते चार दिवस घरी फिरकलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी माहेरी गेले, तर गोठ्यात नवी घोडी! मैना. मी सासरी गेल्यावर बाबांनी घेतलेली. पहाटे उठून तिला खरारा, मग खूर साफ करणं, मग भिजवलेले हरभरे स्वतःच्या हातानं चारणं. आपल्याला आजारपणातही कुणी असं विचारलं नाही, असं आई म्हणायची.

बाबा मला म्हणाले, "शांते, वाजंत्र्यानं बुजते वं हे. एक कानटोपी विणून दे हिले. अन् कपाळावर जरा खाली येऊ दे."

"कपाळावर काऊन? कान तं वर हायत!"

"दिसाले चांगलं दिसते."

माझ्या कलेची कदर करणारा माणूस भेटल्यावर मी कशाला जास्त विचारते? लाल-पिवळी लोकर आणली, कानांना दोन पिशव्या विणल्या, कपाळावरून थेट डोळ्यांपर्यंत झालर सोडली आणि गोंडे लावले. मैनेनं शांतपणे घालून घेतली. मांजरापेक्षा तिला जास्त अक्कल होती.

लग्नाच्या दिवशी साखरखेर्ड्याहून वऱ्हाड आलं. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत नवरदेव मैनेवर बसून येणार होता. बसला. ताशा कडाडला, सनई किंचाळली, मैना जागची हलली नाही! मी आईला कोपरानं ढोसलं. पाहा म्हटलं, टोपीचा गुण!

तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे आले. मिशा एवढ्या, आणि आवाज त्याहून मोठा.

"थांबवा थे वाजंत्री! घोडीची टोपी काढा. भोवरे पाहू द्या."

तुम्हाला माहीत असेल, घोड्याच्या अंगावर केस गोल फिरतात त्या जागेला भोवरा म्हणतात. कपाळावर एक असला तर काही नाही. दोन शेजारी शेजारी असले की म्हणे बसणाऱ्याचं वाटोळं! आता केसांना काय कळतं हो कुणाचं वाटोळं करायचं ते? माझं डोकं तिथेच सणकलं.

"टोपी काऊन काढाची? चार दिवस डोळे फोडून विणली म्या!"

"ताई, टोपीले कोण नाव ठेवून राह्यलं? खाली काय लपवलं थे पाहाचं हाय."

लपवलं? माझ्या बापानं? भर पारावर चोर ठरवलं की हो आम्हाला!

"मामा, आमी लेकीवाले हावो, चोर नाही! आज घोडीची टोपी काढा म्हंता, उद्या माह्या बापाचा फेटा उतरवान!"

बाबा मागून खोकले. मी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला. मग चक्क माझ्या पायावर पाय दिला.

"शांते, जाऊ दे नं वं…"

"तुमी गप बसा बाबा! लेकीचा बाप म्हून किती वाकान?"

लोक गोळा झाले. नवरदेव उन्हात, दोन्ही हातांनी मैनेची आयाळ घट्ट धरून बसलेला. भटजी मांडवातून निरोपावर निरोप धाडत होते, मुहूर्त चालला म्हणून. धाकटी तिकडे हळद लावून बसली होती, आणि इकडे तिचं लग्न माझ्या जिभेवर लोंबकळत होतं. पण मला ते दिसेल तर ना!

आणि आता ऐका. मामा नरमले! खरंच नरमले.

"बरं ताई, राहू द्या. मुहूर्त टळन. तुमच्यावर भरवसा ठेवतो. वाजवा रे!"

तिथे गप्प बसायचं की नाही? कुणीही शहाणी बाई गप्प बसली असती. मी म्हटलं, "नाही! आता तं काढूनच दाखवते! असा उपकाराचा भरवसा नोको आमाले!"

बाबा "अवं, अवं" करत धावले. त्यांच्या आधी मी पोचले, गाठ सोडली, टोपी खस्सकन ओढली आणि झेंड्यासारखी हवेत धरली.

"पाहा! पाहा आता डोळे भरून!"

मी मामांकडे बघत होते. मामा घोडीकडे बघत होते. सगळं गाव घोडीकडे बघत होतं. ताशावाल्याची काठी वरच राहिली. बाबा मटकन पारावर बसले.

मग मी मान वळवली. दोन भोवरे. शेजारी शेजारी. बाबांनी पहाटे इतका जीव लावून खरारा केला होता की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसावेत!

"चला रे!" मामा गरजले. "सोयरीक मोडली! वऱ्हाड वापस!"

 धाकटीला काय तोंड दाखवू?

इतक्यात नवरदेव घोडीवरून धपकन खाली उतरला. "मामा, मी पायीच चाललो. लगन घोडीसंगं थोडंच लावून राह्यलो? अन् मले तं बसलो तवापासून भेव लागून राह्यलं होतं!"

आणि गडी मांडवाकडे असा सुटला की वाजंत्रीवाले वाजवत वाजवत त्याच्यामागे पळाले. मामांनाही मागोमाग मांडवात जावंच लागलं. अक्षता पडल्या, पोरीचं भलं झालं.

संध्याकाळी मी गोठ्यात गेले. बाबा मैनेला हरभरे चारत होते. माफी मागायचं सोडून मी पुन्हा भडकले.

"मले आधी काऊन नाही सांगतलं? मी काय परकी हाय?"

बाबांनी मैनेच्या कपाळावरून हात फिरवला. "भोवऱ्यायमुळं हिले कोणी घेत नव्हतं. वर्ष झालं, काय वाटोळं केलं हिनं माह्यं? हिच्यापासून काईच धोका नव्हता वं. मीच चुकलो."

"काय चुकलं तुमचं?"

"घोडीचं कपाळ झाकलं माय," बाबा म्हणाले, "अन् तुहं तोंड झाकाचं राहून गेलं."