वांगी रंगाचे पाच सोफे

रंगाच्या बाबतीत ज्यांच्याशी वाद घालण्याची मुलुंडपासून साकीनाक्यापर्यंत कोणाची छाती नव्हती असे एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते नेमके माझ्या बायकोचे सख्खे मामा होते. बाकीच्या माणसांना रंग दिसतो. मामांना तो चुकलेला दिसायचा. साकीनाक्याजवळच्या आमच्या पंपांच्या कंपनीत ते पेंट शॉपला होते. रंगवलेला प्रत्येक पंप खिडकीपाशी न्यायचा, मान तिरकी करून नमुन्याच्या पत्र्याशी ताडून बघायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. हे पंप पुढे कुठल्या तरी विहिरीच्या तळाशी जाऊन बसायचे. तिथे त्यांचा हिरवा रंग नेमका किती हिरवा आहे हे बेडकांशिवाय कोणी बघणार नव्हतं. तरीही मामांनी नापास केलेला पंप पुन्हा खरवडून रंगवला जाई, आणि तोवर कुठे तरी एखादा बागायतदार पाण्याची वाट बघत बसलेला असे.

मी त्याच कंपनीत स्टोअर्सला होतो. भाचीसाठी स्थळ म्हणून त्यांनी मला पाहिलं तेव्हाही पद्धत तीच होती. कँटीनमध्ये चहा पाजला, घरचं-दारचं काही विचारलं नाही, हाताला धरून खिडकीपाशी नेलं, मान तिरकी केली आणि शेजारी उभ्या असलेल्या फोरमनला म्हणाले, "जरा फिका आहे, पण टिकेल." अशा रीतीने मी पास झालो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या माहितीत 'वर्ण गव्हाळ' असं वाचलं गेलं, तेव्हा हरकत माझ्या आईवडिलांनी नाही, मामांनी घेतली. गव्हाळ म्हणजे कुठला गहू, लोकवन की सिहोर, हे आधी ठरवा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढचा अर्धा तास दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गव्हावरच बोलत होती. शेवटी मामींनी पोहे आणले आणि विषय बदलला, म्हणजे मामा हळदीवर बोलायला लागले. माझ्या वडिलांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, की मुलगी ह्यांच्या घरात राहते का. नाही, मामा वरच्या मजल्यावर राहतात म्हटल्यावर त्यांनी होकार दिला.

मुलुंडची आमची सोसायटी कंपनीतल्याच लोकांनी मिळून बांधलेली होती, त्यामुळे लग्नानंतर मीही मामांच्या खालच्या मजल्यावर आलो. कंपनीने जुनं ऑफिस मोडलं तेव्हा साहेबाच्या काळातले चामड्याचे सोफे लिलावात काढले आणि आमच्यापैकी पाच जणांनी ते उचलले. भक्कम, बदामी रंगाचे, दोन पिढ्यांच्या मॅनेजरांनी बसून बसून गुळगुळीत केलेले सोफे होते ते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोफा ठेवल्यावर माणसांना उभं राहायची सोय उरली नाही, पण खरं चामडं घरात आलं याचा अभिमान इतका, की कोणी तक्रार केली नाही. मात्र हातांवरचा रंग उडाला होता, डोकं टेकायच्या जागी तेलाचे काळे डाग होते, बसायच्या जागी भेगा होत्या. आणि मामा त्याच सुमारास रिटायर झाले होते. पाच उडालेले सोफे आणि एक रिकामा मामा एकाच इमारतीत आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

सोफा रंगवायला मामा शुभ्र पांढरा सदरा-पायजमा घालून यायचे. रंगकाम करणारा माणूस पांढऱ्यात का येतो असं विचारलं, तर पांढरं जवळ असल्याशिवाय दुसरा कुठला रंग खरा कळत नाही, असं उत्तर मिळे. आधी तासभर ते सोफ्याकडे नुसते बघत. कुठे कोण बसतं, कोण पेंगतं, कोणाच्या डोक्याला कुठलं तेल असतं, हे त्यांना झिजेवरून कळायचं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की या घरात सोफ्यावर फक्त सासूबाई बसतात, सुनेला बसायला मिळत नाही. त्या घरात त्या दिवशी जेवण उशिरा झालं. मग स्पिरिटच्या बोळ्याने जुना रंग उतरवायचा, पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, भेगा बुजवायच्या आणि धारावीतून आणलेल्या बाटल्यांमधले डाय बशीत थेंब थेंब मिसळायचे. मलमलीच्या बोळ्याने एक हात, वाळवण, मग दुसरा, मग तिसरा. हे सगळं फक्त सकाळच्या उजेडात. दुपारी उजेड पिवळा होतो आणि खोटं बोलतो, असं ते म्हणत. रंग वाळेपर्यंत सोफ्यावर बसायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि शक्यतो त्याच्यासमोर फोडणी करायची नाही. घरची माणसं चार-चार दिवस सोफ्यासमोर सतरंजी टाकून बसत. शेवटी मामा स्वतः पांढऱ्या पायजम्यानिशी सोफ्यावर बसत, उठत आणि पाठमोरे उभे राहत. पायजम्याला रंग लागला नाही हे घरच्यांनी तपासून सांगितलं, की काम संपलं. या तपासणीला बायकामाणसं आत निघून जात.

काही वर्षं सोफे दृष्ट लागण्यासारखे दिसले. मग ते पुन्हा विटले आणि मामांनी दुसरी फेरी सुरू केली, सेक्रेटरींपासून. मध्यंतरी मामांच्या डोळ्यांचं काही तरी बिनसलं होतं, पण ते मान्य करणारे ते नव्हते. पेपरवाले शाई कमी वापरतात, बल्ब पूर्वीसारखे निघत नाहीत, बसच्या पाट्या मुद्दाम बारीक करतात, अशी त्यांच्याकडे कारणं तयार असत. एकदा ते चुकीच्या बसने भांडुपला जाऊन आले आणि तिथे काम होतं असं मामींना सांगितलं. सेक्रेटरींचा सोफा पुरा झाल्यावर नेहमीप्रमाणे आम्ही सगळे बघायला गेलो. सोफा वांगी रंगाचा होता. कुठे कुठे वांगी नव्हे, तर सबंध, भरताच्या वांग्यासारखा आणि तितकाच चकचकीत. मामा मान तिरकी करून म्हणाले, "अगदी मूळचा." सेक्रेटरींनी तोंड उघडलं तेवढ्यात मामांच्या मागे उभ्या असलेल्या मामींकडे त्यांचं लक्ष गेलं. मामींनी हात जोडले होते. सेक्रेटरी हे कंपनीत युनियनचे पुढारी होते, मॅनेजमेंटशी कधी एका शब्दाने खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, "मामा, आजच ऑफिसातून आणल्यासारखा वाटतोय."

एकाने वाखाणल्यावर दुसऱ्याला नाही म्हणता येईना. तळमजल्यावरच्या शाळामास्तरीण बाई, त्यांच्या समोरचे टर्नर, दुसऱ्या मजल्यावरचे ड्राफ्ट्समन अशी एकेक घरं वांगी होत गेली. शेवटी आमचा नंबर लागला. आपल्या माणसाचं काम म्हणून मामांनी आमच्या सोफ्याला एक हात जास्त दिला. माझा एक मित्र घरी आला होता, त्याने इमारतीत दोन घरं बघितली आणि हे सोफे घाऊक भावात घेतलेत का असं विचारलं. मी हो म्हटलं.

मामींनी अखेर धरणं धरलं तेव्हा मामा डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की पिकलेला मोतीबिंदू पिवळट काचेसारखा असतो, त्यातून निळा रंग जवळजवळ दिसतच नाही. मग माझ्या लक्षात आलं. बदामी रंगात निळ्याचा एखादा थेंब लागतो; तो दिसत नव्हता म्हणून मामा बशीत निळा घालत गेले होते. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, दुसऱ्याचं काही महिन्यांनी. हा दुसरा डोळा फार दिवस थांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलं.

मामा हॉस्पिटलात असताना सेक्रेटरींनी पाचही घरांची गच्चीवर बैठक बोलावली. मामांना नवा चष्मा लागला की ते सोफे बघायला येणार, याबद्दल दुमत नव्हतं. बाईंनी पिवळे बल्ब लावायचं सुचवलं. टर्नर म्हणाले सोफे गावाला पाठवू. शेवटी सोलापुरी चादरी घालायचं ठरलं. जाड भिंगाचा चष्मा लावून मामा पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि चादर बघून संतापले. खऱ्या चामड्याला चादर म्हणजे त्यांच्या मते अपमान होता. त्यांनी ती ओढून काढली, सोफ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला. माझी बायको पटकन म्हणाली, "मामा, डॉक्टर म्हणाले होते ना, ऑपरेशननंतर थोडे दिवस सगळं निळसर दिसतं." हे डॉक्टर खरंच म्हणाले होते. मामांना पटलं. त्याच संध्याकाळी पाचही घरांतल्या चादरी निघाल्या.

आमचं इथेच भागलं असतं. पण मामा दर रविवारी यायचे आणि आमच्या सोफ्यावर आपला डोळा तपासायचे. दूध पांढरं झालं, सदरा पांढरा झाला, भिंतीवरचा निळेपणा गेला. सोफा वांगीच राहिला. मामा एक डोळा झाकून बघत, मग दुसरा. जुन्या डोळ्याला सोफा बदामी दिसे, नव्याला वांगी. यातून त्यांनी जन्मभर पंप पास करणाऱ्या माणसाला साजेसा निष्कर्ष काढला: जुना डोळा बरोबर आहे, नवा बिघडवलाय. ते रस्त्याने नवा डोळा मिटून चालायला लागले आणि दोनदा पायरी चुकले. दुसऱ्या ऑपरेशनला साफ नकार दिला. एक घालवला, आता उरलेलाही त्या माणसाच्या हातात देऊ का, असं ते मामींना म्हणाले. डायच्या बाटल्या त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. मामी आमच्याकडे येऊन रडल्या. आम्ही ज्यांना जपायला एवढं सगळं केलं होतं, ते आमच्या जपण्यानेच आंधळे होणार होते.

पुढच्या रविवारी मामा आले, सोफ्यासमोर उभे राहिले आणि हात वर करून नवा डोळा झाकायला लागले, तेव्हा बायकोने त्यांचा हात धरला.

"मामा, डोळा चांगला आहे," ती म्हणाली. "सोफाच तसा आहे."

मामांनी हात खाली घेतला. मला त्या क्षणी उठून स्टोअर्समध्ये जावंसं वाटत होतं, पण रविवार होता. मामांच्या तोंडात मालवणी दोनच वेळा यायची, फार रागात आणि फार मायेत, आणि यातली कुठली येणार आहे ते कळत नव्हतं.

"म्हणजे डोळो बरो आसा?"

"बरा आहे."

"आणि बाकीच्यांचे सोफे?"

"सगळ्यांचे असेच आहेत, मामा. पाचही."

मामांनी पुन्हा सोफ्याकडे बघितलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान तिरकी न करता. मग आमच्याकडे बघितलं. "आणि तुमी सगळे येवढे दिस तेच्यार बसलात?"

बायको हो म्हणाली आणि रडायला लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि, बाय गे, चहा कर, असं सांगितलं. तो चहा कितपत दुधाळ आहे हे न बघता त्यांनी प्यायला. मला त्यांचं इतकं कौतुक आणि इतकं वाईट पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

दुसरं ऑपरेशन वेळेवर झालं. नंतर मामा धारावीला जाऊन नव्या बाटल्या घेऊन आले आणि सेक्रेटरींपासून ओळीने चार सोफे पुन्हा बदामी केले. कोणी विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. आमच्याकडे ते पांढरा पायजमा घालून आले तेव्हा मात्र बायको सोफ्यावर मांडी घालून बसली आणि उठेना. हा राहू द्या म्हणाली. मामांनी खूप हुज्जत घातली. कामाची नाचक्की आहे, भाचीच्याच घरी असा रंग, लोक काय म्हणतील, सगळं झालं. ती हलली नाही. मग ते तिच्या शेजारी बसले, पाठ टेकली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "बसाक बरो आसा. बसल्यार दिसना नाय."

त्यानंतर आमच्याकडे आले की ते दारातून सरळ, इकडेतिकडे न बघता सोफ्यावर येऊन बसायचे आणि निघेपर्यंत उठायचे नाहीत. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सोफा आहे तसाच आहे, वांगी. पाहुणे त्यावर बसतात, मुलं बसतात. मी बहुतेक वेळा समोर खुर्ची ओढून बसतो, म्हणजे तो दिसतो.