वडिलांच्या हाताची किल्ली

दसऱ्यानंतर सुकत चाललेल्या झेंडूचा वास आला, की वलवणच्या आमच्या अंगणातल्या जुन्या गाडीची हरवलेली किल्ली आठवते. वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं त्या वर्षी आईने गाडीची एकुलती एक किल्ली पूजेत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती निर्माल्याबरोबर ओढ्यात गेली. मी आईवर नको तितका चिडलो आणि लोणावळ्याहून किल्लीवाल्याला घेऊन आलो. गाडीच्या दाराचं कुलूप झिजलेलं होतं. किल्ली जरा वर उचलून फिरवली तरच ते उघडायचं, आणि ते फक्त वडिलांनाच जमायचं. किल्लीवाल्याने कुलूप खोललं, पावसाळ्याचा गंज काढला, तेल सोडलं, नवी किल्ली बनवली. "आता लोण्यावानी फिरंल बघा, मावशी," तो आईला म्हणाला. पडवीतल्या खाटेवरून वडिलांनी अडखळत विचारलं, "कुणालाबी उघडंल?" "व्हय आबा, कुणालाबी." आम्हाला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून गोधडीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. अजूनही ते पडवीत असले, की मी गाडीच्या दाराशी उगाच खटपट करत राहतो. "आरं, जरा वर उचल, मग फिरव," असं ते खेकसेपर्यंत.