उंदरानं खाल्लेला समुद्र

आमच्या घरातल्या एका उंदरावर गेली चाळीसेक वर्षं चोरीचा आळ आहे. परवा मामंजींच्या तेराव्यालाही त्याचा उद्धार झालाच. "तात्यांचा समुद्र उंदरानं खाल्ला, न्हाईतर आज दावला असता तुमास्नी," असं माझ्या धाकट्या दिरानं पाहुण्यांना सांगितलं, पाहुणे हळहळले, आणि मी मान खाली घालून पंगतीत भात वाढत राहिले. आता मामंजी नाहीत, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तर केव्हाच गेल्या, आणि माझंही वय आता लपवाछपवीचं राहिलेलं नाही. तेव्हा सांगून टाकते. तो उंदीर मी होते. मॅट्रिक पास झालेला, अंबाड्यात अबोली माळणारा, सांगलीहून कोरेगावात सून म्हणून आलेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा उंदीर.

मामंजी म्हणजे माझे सासरे. गावाचे तात्या, फौजेतले निवृत्त हवालदार. नव्वदी ओलांडून चार पावसाळे झाले होते. दोन आठवड्यांपूर्वी दुपारचा चहा झाला, कप मी विसळायला नेला, परत येऊन बघते तो अंगणातल्या खुर्चीवर मान किंचित कलती... झोपेत असायची तशीच. रस्त्याकडे तोंड करून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसणं हा त्यांचा आवडता उद्योग, आणि तो करता करताच गेले. रडू आलं, पण खरं सांगू, हेवाही वाटला.

माझं लग्न झालं ते बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर. आमचे हेही फौजेत, वर्षातून दोन महिने घरी; धाकटे दीर शिकायला बाहेरगावी. बाकीचे दहा महिने घरात मी, सासू-सासरे आणि दोन म्हशी. सांगलीत मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाणारी, आइस्क्रीम खाणारी मुलगी. इथं आल्यावर महिन्याभरातच मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या पेन्शन आणाय साताऱ्याला जातोय. चल, मज्जा दावतो." मी आदल्या रात्री ठेवणीतलं पातळ उशाखाली घडी करून ठेवलं. साताऱ्याला एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा आम्ही पेढ्याच्या दुकानासमोर उभं राहून वास घेतला. मग पोलिसांच्या मैदानावर बँडचा सराव चालला होता, तो कुंपणाबाहेरून ऐकला. मग राजवाड्यासमोर बसून तासभर माणसं बघितली, वाचनालयात जाऊन त्यांनी वर्तमानपत्र उलटंसुलटं चाळलं, आणि ऊन उतरल्यावर चार भिंती म्हणतात त्या स्मारकाच्या टेकडीवर चढून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाली सगळा सातारा पसरलेला. "हाय का न्हाई मज्जा? आनि समदं फुकाट!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, देवा, कुठल्या कंजूष घरात टाकलंस मला! घरी आल्यावर आत्याबाईंनी माझं तोंड बघितलं आणि पदरात हसत म्हणाल्या, "फिरवून आनली व्हय सांगलीकरणीला? मलाबी असंच फिरवलं हुतं. पाय दुखत असतील तर त्याल लाव."

ही मजा करायची विद्या ते विलायतेहून शिकून आले होते, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात ते पकडले गेले. तिथून इटली, मग जर्मनी, अशी तीन वर्षं तारांच्या कुंपणात काढली. सुटका झाल्यावर मायदेशी यायला जहाज मिळेपर्यंत त्यांना विलायतेत ठेवलं होतं, आणि अंगावर थोडं मांस चढावं म्हणून काही जणांना वेल्स नावाच्या भागात, समुद्रकाठच्या एका सहलीच्या गावी बारा दिवस धाडलं होतं. त्या गावाच्या गोष्टी ते सांगायला लागले की भाकरी तव्यावर करपायची. समुद्राच्या काठानं लांबच लांब रस्ता, आणि रस्त्याला बाकडी. बसायला कुणी पैसे मागत नाही. दुपारी बँड वाजतो, तो फुकट. मागं डोंगर, त्याच्यावर मेंढरं, वर चढलं की दोन्ही बाजूंना पाणी, तेही फुकट. सकाळी समुद्र पायाशी असतो आणि दुपारी असा काही मागं निघून जातो की होड्या चिखलात म्हशींसारख्या बसतात. "धक्क्यावर जायला तेवढं नाणं पडायचं. मग आमी धक्क्याखालनं चाललो. वरची मान्सं समुद्र बगत हुती, आमी त्यांची तंगडी बगत हुतो." पोरांसाठी बाहुल्यांचा खेळ चालायचा, तो हे सगळ्यांच्या मागं उभे राहून बघायचे. आणि एका बाकड्यावर एक म्हातारी मडम बसलेली असायची. हे जवळ गेले की ती आपली पिशवी मांडीवर घेऊन सरकायची. काही बोलायची नाही. नुसती सरकायची. हे सरकणं मामंजी स्वतः ओसरीवर सरकून करून दाखवायचे, आणि मी माजघरात तोंडाला पदर लावून हसायचे. सरकण्यात कसलं आलंय कौतुक?

या सगळ्याला पुरावा एकच होता. मेणकापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं रंगीत चित्राचं कार्ड. त्यात समुद्र, काठचा रस्ता, बाकडी, डोंगर, आणि खाली इंग्रजीत गावाचं नाव. मामंजी ते कुणाच्या हातात देत नसत. स्वतः दोन्ही कडा धरून दाखवायचे. गावात थट्टेखोर कमी नव्हते. 'तात्यांचं इलायत' म्हणजे थाप, असं एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बोललं जायचं. मग मामंजी कार्ड आणून दाखवायचे आणि महिनाभर सगळे गप्प बसायचे.

लग्नानंतरचा दुसरा गणपती. आमच्या गल्लीत बायकांची आरास बघायला एकमेकींच्या घरी जायची पद्धत होती, आणि मी जिथं तिथं "आमच्या सांगलीत" करून इतका तोरा मिरवलेला की आता काही तरी करून दाखवणं भाग होतं. गणपतीच्या मागं समुद्र करायचा, असं मी ठरवलं. निळा कागद आणला, कापसाचा फेस केला, पण ते काही केल्या समुद्र वाटेना; निळ्या कागदावर कापूस सांडल्यासारखं दिसे. त्याच दिवशी आत्याबाईंनी मला मामंजींच्या लोकरी कोटात डांबराच्या गोळ्या घालायला ट्रंक उघडायला सांगितली. पुढचं सांगायला नको. "दहा दिवस नुसतं मागं टेकवून ठेवू, मग होतं तसं ठेवून देऊ," असं म्हणत मी ते कार्ड उचललं. टेकवल्यावर दिसलं की रस्त्यावर साहेब आणि मडमा हिंडतायत. गणपतीच्या मागं झगेवाल्या मडमा बऱ्या दिसतील का? मी भरतकामाची कात्री घेतली. रस्ता गेला, बाकडी गेली, डोंगर गेला, गावाचं नाव गेलं. ती कात्रणं बंबात घातली. उरला टीचभर समुद्र. तो खळ लावून मधोमध चिकटवला आणि भोवती निळा कागद असा जोडला की कुठं खरा संपतो आणि कुठं खोटा सुरू होतो, कळू नये. हात चांगला होता हो माझा! अक्कल नव्हती, पण हात चांगला होता.

आरास गाजली. पलीकडच्या गल्लीतल्यासुद्धा बायका बघून गेल्या. "अगं बया, पानी हालतंय जनू!" मी फुगून नगारा. मामंजी दोन्ही वेळा आरतीला उभे राहायचे, आरती झाल्यावरही गणपतीसमोर मांडी घालून बसून राहायचे. मला वाटलं, वयाबरोबर भक्ती वाढली. विसर्जनाला समुद्र सोडवायला गेले तर खळीनं तो असा धरलेला की चिंध्या होऊन आला. निर्माल्याबरोबर ओढ्यात सोडून दिला आणि मेणकापडाची घडी रिकामीच ट्रंकेत ठेवली.

पंधरा दिवसांनी पलूसचे एक निवृत्त सुभेदार आमच्याकडे आले. मामंजींच्याच लढाईतले, पण न पकडले गेलेले. त्यांच्याबरोबर हॉटेलातली चार टाळकीही मजा बघायला आली. मी चहाचं ताट घेऊन दाराआड उभी. सुभेदार म्हणाले, "हवालदार, समुद्राकाठी मेवा खाल्ला म्हनं तुमी. आना की कारड, बगू तरी." मामंजी उठले, आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मग झाकण लावल्याचा. बाहेर येऊन ते म्हणाले, "उंदरानं खाल्लं." टाळकी खदखदून हसली. सुभेदार हसले नाहीत, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "गड्या, आमची मान्सं तिकडं मरत हुती. तू कैदंत हुतास का सहलीला?"

आणि मी काय म्हटलं असेल मनात? 'सुटले!' देवाशपथ. सासऱ्याचं तोंड काळवंडलेलं दिसत होतं, आणि मी तो आयता उंदीर मिळाल्याच्या आनंदात सगळ्यांना चहा दिला. वर साखर हवी का, असंही विचारलं.

त्यानंतर मामंजींनी वेल्सचं नाव काढलं नाही. हॉटेलात जाणं सुटलं. साताऱ्याला जायचे, पेन्शन घ्यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत. ओसरीवर कुणी सरकत नव्हतं की बँड वाजत नव्हता. भाकऱ्या करपणंही बंद झालं... आणि ते मला सहन होईना. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "आवं, कवातरी बोला की त्या समुद्राचं. घर कसं मुकं झालंय." ते म्हणाले, "पुरावा न्हाई. बिनपुराव्याची थाप हुती ती." चार महिने मी एका उंदराच्या मागं लपून बसले होते.

पुढं फार वर्षांनी माझ्या मुलानं त्यांना गाडीतून कोकणात नेलं, तेव्हा वाळूवर उतरताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "हितं बसाय पैसं पडत्यात का?" मुलगा हसला. मी हसले नाही. मी तोवर चार भिंतींवरचं मामंजींचं बोलणं ऐकून शहाणी झाले होते. तेच सांगायचं आहे.

त्या गणपतीनंतरची संक्रांत झाली आणि पेन्शनच्या दिवशी मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. "मामंजी, मला न्या साताऱ्याला. फुकटची मजा दाखवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. पेढ्याचा वास झाला, राजवाडा झाला. मीच पुढं, ते मागं. संध्याकाळी टेकडीवरच्या कट्ट्यावर बसल्यावर मी भाकरी सोडली, आणि ती त्यांच्या हातात देता देताच माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, उंदरानं नाही खाल्लं... मी कापलं. गणपतीसाठी."

"म्हायती हाय."

"कधीपासून?"

"पयल्या आरतीपास्नं. बारा दिस बगितल्यालं पानी वळखू येत न्हाई व्हय?" त्यांनी चटणीत भाकरी बुडवली. "ट्रंकंकडं नुसतं लोकास्नी दावाय गेलो हुतो. आत काय न्हाई, ते ठावंच हुतं."

"मग सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंत? हसले ना ते तुम्हाला!"

"आगं, उंदराला काय, त्याला सासर न्हाई."

मी रडतेय की हसतेय, मलाच कळेना. थोड्या वेळानं मी विचारलं, मग इतके गप्प का झालात? ते खाली साताऱ्याकडं बघत म्हणाले, "सुबेदार बोलला ना, त्ये लागलं. खरंच हुतं गं त्ये. सहलच हुती. पर तुला सांगू का... तीन वर्सं दिसातनं दोन डाव मोजायचे आमास्नी. मेंढरावानी. हुबं ऱ्हा, मोज, बस. आनि त्या गावात पयल्या दिशी मी रस्त्याच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर चालत गेलो. कुनी थांब म्हनलं न्हाई. परत आलो. कुनी मोजलं न्हाई. बाकड्यापाशी गेलो तर ती म्हातारी सरकली. मला जागा दिली गं तिनं. ल्योक गमावल्याली बाई, सगळी म्हनायची. तवा म्हनलं, जगात अजून बसाय जागा हाय. त्ये मी ह्या गाववाल्यास्नी कसं सांगायचं? म्हनून नुसतं फुकाट, फुकाट म्हनतो."

मी ज्या माणसाला दीड वर्ष मनातल्या मनात चिक्कू म्हणत होते, त्याच्या शेजारी बसून मला मान वर करवेना. शेवटी म्हटलं, "पण मामंजी, तो एवढाच पुरावा होता तुमचा. माझ्यामुळं तुमचा समुद्र गेला."

त्यांनी हात झटकला, कट्ट्यावर थोडे सरकले, पिशवी ठेवायला जागा केली, आणि म्हणाले,

"गेला कुटं? तीस वर्सं त्याला मीच ट्रंकंत कोंडून ठिवला हुता. तू भायेर काडलास. आक्की गल्ली हात जोडून बगून गेली, आनि एका बाईकडनं तरी तू पैसा घेतलास का?"