दुसऱ्याच्या पाण्यात

महागावच्या बाजारात मासळीच्या ओळीत सगळ्यात मोठा आवाज जयाचा. गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून पाहायला लागलं की ती म्हणणार, "पाहा, पाहा! पोरगी पाहायले आले काय?" माणूस हसतो आणि मासा घेऊन जातो. पण हीच बाई धरणावर जाळं ओढताना गप्प असते. तिथलं पाणी ठेकेदाराचं आणि मासाही ठेकेदाराचा. जयानं आणि तिच्या नवऱ्यानं, उकंडानं, जाळं ओढायचं, मासा ठेकेदाराच्या वजनकाट्यावर टाकायचा, आणि बाजारासाठी तोच मासा ठेकेदाराकडून विकत घ्यायचा. घरी कालवणाला एखादा न्यायचा तरी मुकादमाच्या तोंडाकडे पाहायचं. जन्म गेला असा.

म्हणून गावतळ्याचा ठेका बायकांच्या बचत गटाला मिळाला, तेव्हा आठवडाभर जयाचे पाय जमिनीवर नव्हते. ग्रामसभेत ती अशी भांडली होती की सरपंचानं कानाला हात लावले. अट एकच होती. याच पावसाळ्यात तळ्यात बीज पडलं पाहिजे, नाहीतर तळं परत. बीज म्हणजे रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून देतात, आणि तेवढ्या दमावर ती संध्याकाळपर्यंत कशीबशी तग धरतात.

एरवी बीजवाल्याकडे हीऽऽ गर्दी! पण पोळ्याच्या दिवशी बीज न्यायला कोण येतो? सगळे बैल सजवण्यात गुंग. तेवढ्यात जयानं गटासाठी मोसमातलं शेवटचं उरलेलं बीज पदरात पाडून घेतलं. गावची सडक बंद होती, नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. म्हणून लाकडी होडीत, डोंग्यात, पिशव्या मांडल्या, वर ओली पोती टाकली, आणि नवराबायको धरणातून निघाली. पाणी शांत होतं. उकंडा वल्हं मारत होता आणि जया पिशव्यांशी बोलत होती. "दम धरा रे बाबांनो, आलंच आपलं घर." उकंडा मुलखाचा अबोल माणूस, पण त्यालाही हसू आलं.

वाटेत धरणाकाठचं शहर लागतं. तिथं अगदी घाटाला लागून जयाच्या मोठ्या बहिणीचं, हंसाबाईचं घर. तिनं डोंगा लांबूनच ओळखला आणि पायरीवर येऊन हाका मारायला लागली.

"अवं जया! पोळ्याच्या दिवशी दारावरून उपाशी चालली काय व?"

"बाई, बीज आहे संगं. थांबता येत नाही."

"पोळी तव्यावर आहे. दोन घास खा अन् जा. सणाच्या दिवशी तू अशी गेली तं मले घास गोड लागन काय?"

आता तुम्हीच सांगा, यावर कोण वल्हं मारत पुढं जाईल? उकंडानं आभाळाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत बहिणीची भेट नव्हती. त्यानं डोंगा घाटाला लावला. पिशव्या वडाच्या सावलीत ठेवल्या आणि दोघं जेवायला बसली. पुरणपोळी झाली, वर तूप झालं, मग कढी आणि वडे. हंसाबाईचा आग्रह म्हणजे ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढणारी बाई!

हात धुऊन बाहेर आली, तर वारा सुटलेला. धरणाचं पाणी पार खवळलं होतं. लाटा पायऱ्यांवर फुटत होत्या.

घाटावरचा चौकीदार रूपसिंग धावत आला. "भाऊ, डोंगा सोडू नका. मागच्या साली अशाच वाऱ्यात दोघं गेले. वारा पडला की जा, मी कायले अडवतो?"

वारा काही पडला नाही. पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. उकंडा वेल्डिंगच्या दुकानाकडे पळाला, तिथं ऑक्सिजनची टाकी असते. दुकानाला कुलूप, मालक बैल घेऊन पोळ्याच्या तोरणाखाली. गाडीवाला विक्की भेटला. तो म्हणाला, "काका, नाल्यात गाडी घातली तं माशाआधी मीच वाहून जाईन." हंसाबाईनं घरातली घमेली, बादल्या, होतं नव्हतं ते काढलं. बहिणी हातानं पाणी घुसळत बसल्या, जरा हवा मिसळावी म्हणून. पांढरी पोटं वर यायला लागली. मग जयानं बहिणीचं लुगडं मागून घेतलं आणि पायरीशी पाण्यात त्याची झोळी बांधली. वारा पडेपर्यंत पिल्लं त्यात राहतील, असा तिचा हिशेब. पहिलीच मोठी लाट आली आणि झोळीतली पिल्लं दगडावर चेचली गेली. जया ती ओली झोळी हातात धरून उभी राहिली.

"मी कायले थांबवलं व तुले!" हंसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"तू हाक मारली बाई. थांबली मीच."

रूपसिंगला ते पाहवेना. तो उकंडाच्या कानाशी येऊन म्हणाला, "मी चहा प्यायले चाललो. तुमी गेले, तं मले दिसलं नाही."

जयानं लगेच पिशवी उचलली. "अजी, चला. चला नं!"

उकंडा डोंग्यापाशी गेला. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि दोर सोडायच्या ऐवजी आणखी एक गाठ मारली. "नाही जमत, जया."

"तळं जाईन आपलं!"

"जाऊ दे. तू गेली तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

इतक्या वर्षांच्या संसारात तो असं कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो नेमका अशा वेळी. जयानं पिशवी परत पायरीवर ठेवली. तिला नवऱ्याचा राग आला, वाऱ्याचा आला, पुरणपोळीचासुद्धा आला. पण पिशवीतली पिल्लं तिच्याचकडे तोंड करून हवा मागत होती. शेवटी तीच म्हणाली, "सोडून देऊ. मेल्यापेक्षा जगू द्या."

घाटाच्या आडोशाला पाणी जरा निवांत होतं. पिल्लांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तिनं प्रत्येक पिशवी आधी तरंगत ठेवली, मग तोंड सोडलं. धरण ठेकेदाराचं. त्यात पडलं ते ठेकेदाराचं झालं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी तिनं घाई केली नाही. पिल्लं आधी नुसती लुळी पडून राहिली, मग शेपट्या हलल्या आणि दिसेनाशी झाली. पदर तोंडाशी धरून जया रडली, आणि उकंडा रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत राहिला.

पावसाळा संपला आणि पंचायतीनं तळं दुसऱ्याला दिलं. गटातल्या बायका जयाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आता पुन्हा ती दोघं धरणावर जाळं ओढतात. परवा एक चांगला पोसलेला कटला आला. जयानं तो दोन्ही हातांत धरला आणि काही केल्या खाली ठेवीना.

"आपल्यातला असन काय व?" उकंडानं हळूच विचारलं.

"असन," ती म्हणाली.

तेवढ्यात काठावरून मुकादम ओरडला, आणि जयानं तो काट्यावर ठेवला.