चौथ्या मजल्यावरचा रेडिएटर

न्यूयॉर्कच्या ईस्ट सहाव्या रस्त्यावरच्या आमच्या इमारतीची देखभाल ओस्टाप ह्नातिव एकटा करायचा. पाच मजले, वीस घरं, लिफ्ट नाही. सत्तावीस वर्षं त्यानं कचऱ्याच्या पिशव्या वाहिल्या आणि बर्फ खरवडला. बायको गेल्यावर तो तळघरातच, बॉयलरशेजारी राहायला आला. दार वाजलं की तक्रारच असणार, हे तो उठण्याआधीच धरून चालायचा.

त्याचा स्वतःचा असा आठवड्यातून एकच तास होता. रविवारी चार वाजता नदीपलीकडच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर गाण्यांचा कार्यक्रम लागे. युक्रेनी चर्चची प्रार्थना शोधताना सुई थोडी पुढे सरकली आणि तो त्याला सापडला. लोक आपापल्या स्वयंपाकघरात गाणी टेपवर भरून पाठवत. गिटार बेसूर, आवाज घसरलेला, विषय दाढदुखी नाहीतर न वाळलेले कपडे. निवेदक त्याला अँटी-फोक म्हणायचा आणि मधला खोकला, कुत्र्याचं भुंकणं, काहीही कापायचा नाही. यात तुला काय आवडतं, असं मी एकदा विचारलं. ओस्टाप म्हणाला, "हेलेनाबाई, चर्चमध्ये गाणाऱ्याला दमलेलं चालत नाही. इथे चालतं."

१९९६च्या जानेवारीतली तक्रार माझी होती. चौथ्या मजल्यावरचा, खोली तापवणारा रेडिएटर बॉयलरची वाफ आली की ठोके देई. तीन संथ, एक घाईचा. वाफेच्या नळातून ते थेट खाली, तिसऱ्या मजल्यावर माझ्या पलंगाशी येत. शाळेत नन्सनी लावलेल्या सवयीनं मी दोन महिने ठोक्यांच्या वेळा डायरीत टिपल्या होत्या. त्या उतरवून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो उघडलासुद्धा नाही. "झोप येत नाही एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं." गुरुवारी वर जाऊन त्यानं रेडिएटरच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या. आत साचणारं पाणी वाहून गेलं, ठोके थांबले. तीन दिवस मी नीट झोपले.

रविवारी कार्यक्रमात एक मुलगी गायली. गाण्यामागे ठोके होते. तीन संथ, एक घाईचा. ओस्टापनं ते लगेच ओळखले. निवेदकानं सांगितलं, पुढच्या रविवारी साडेचारला रोवीना टकर हेच गाणं घरातून टेलिफोनवर गाणार आहे, याच ढोलासकट.

रोवीना आमची चौथ्या मजल्यावरची भाडेकरू, तो रेडिएटर तिच्याच घरातला. दिवसभर लाँड्रीत राबायची, म्हणून गुरुवारी ओस्टाप आला तेव्हा घरी नव्हती. ओस्टाप धापा टाकत वर गेला तेव्हा ती गिटार घेऊन रेडिएटरपाशी जमिनीवर बसली होती. गाणं त्या ठोक्यांवरच बांधलेलं. टेबल बडवून पाहिलं, पण ते तिला खोटं वाटलं. रेडिओवर कुणी बोलावण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. ढोल आपणच बंद केला, हे ओस्टापनं कबूल केलं.

"मिस्टर ओ," ती म्हणाली, "अख्ख्या इमारतीत एकच वस्तू बिघडलेली बरी होती, नेमकी तीच तुम्ही दुरुस्त केलीत. न्हाणीघर नोव्हेंबरपासून तुंबलंय, त्याचं काय?"

पाचरी काढणं सोपं होतं. पण बॉयलर पेटवल्यावर ठोके किती वेळानं सुरू होतात, हे तळघरात बसणाऱ्याला काय माहीत? म्हणून तो माझ्या दारी आला. तो कागद त्यानं फेकून दिला होता.

"दुसरी प्रत आहे का? आणि रविवारी थोडा वेळ ठोके सोसाल?"

नाही म्हटलं तर, असं मी विचारलं.

"तर पाचरी राहतील. तुम्हीही भाडेकरूच." गुडघा धरून तो पायरीवर बसला.

मी डायरी आणली. खालची बॉयलरची घरघर सुरू झाल्यापासून एकोणीस मिनिटांनी ठोके, मग ते अकरा मिनिटं चालत. सगळं लिहिलेलंच होतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी त्यानं पाचरी काढल्या आणि रेडिएटर पुरता निवावा म्हणून दोन वाजल्यापासून बॉयलर बंद ठेवला. थंडी वाजते म्हणून तिघांनी त्याचं दार बडवलं. चार वाजून अकरा मिनिटांनी त्यानं बॉयलर पेटवला. साडेचारला माझ्या नळात ठोके सुरू झाले आणि तेच माझ्या रेडिओतूनही येऊ लागले, वर रोवीनाचा दमलेला आवाज. गाणं संपल्यावर निवेदकानं विचारलं, ढोल कोण वाजवतंय? ती म्हणाली, "आमचा ओस्टाप. तळघरात असतो."

हे सांगायला मी खाली गेले. बॉयलरसमोर खुर्चीत तो बसल्या बसल्या झोपला होता. रेडिओ चालू होता, एक बूट काढलेला होता. मी त्याला उठवलं नाही.

सोमवारी तो वर आला. रोवीना काय म्हणाली ते मी सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं,

"ठोके कधी थांबले?"

"चार एक्केचाळीसला."

"आणि गाणं?"

"चार पस्तीसला संपलं."

"म्हणजे सहा मिनिटं तुम्हाला फुकटचा त्रास," असं म्हणून तो पुढचा जिना चढू लागला. एका हातात पाचरी होत्या, दुसऱ्यात न्हाणीघराची मोरी मोकळी करायची तार.